परिमिती आणि क्षेत्रफळ: मुलं आणि आईबाबा सारखे विचारतात ते प्रश्न

मी तिसरी ते सातवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, घरीच, हॉलमध्ये सतरंजी टाकून. दरवर्षी हा धडा आला की रात्री साडेनऊनंतर व्हॉट्सॲप वाजायला लागतं, "मॅडम इथे गुणायचं की बेरीज करायची", आणि फिरून फिरून तेच दहा-बारा प्रश्न असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. पहिल्यापासून वाचायलाच पाहिजे असं नाही, जिथे अडलंय तेवढं वाचा.

परिमिती आणि क्षेत्रफळ यात फरक काय? व्याख्या पाठ आहे तरी आमच्याकडे गोंधळ होतोच.

व्याख्या पाठ आहे ना, तिथेच घोळ आहे. तोंडाने "बंदिस्त आकृतीच्या सर्व बाजूंच्या लांबीची बेरीज" घडाघडा येतं पण डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

माझ्याकडे पहिल्या दिवशी वह्या उघडायच्याच नाहीत. एकाने सतरंजीच्या काठाकाठाने पावलाला पाऊल लावत चालायचं आणि जिथून निघालो तिथे परत यायचं, जेवढी पावलं झाली ती परिमिती. मग सगळ्यांनी आपापल्या वह्या सतरंजीवर मांडायच्या, मध्ये फट नको, एकावर एक नको, सतरंजीच्या बाहेर नको, जेवढ्या वह्या मावल्या ते क्षेत्रफळ. मागच्या वेळी ४२ वह्या बसल्या आणि कोपऱ्यात थोडी जागा उरली, तर एकीने तिथे कंपासपेटी ठेवली आणि म्हणाली, मॅडम साडेबेचाळीस. मला तर वाटतं तिला त्या क्षणी क्षेत्रफळ कळलं, पुढचं सगळं नुसतं लिहिण्याचं काम.

त्यानंतर एकच प्रश्न विचारत राहायचा, इथे दोरा लागेल की चादर? शेताला तारेचं कुंपण, दोरा. त्याच शेतात पेरणी, चादर. फोटोच्या फ्रेमची पट्टी दोरा, फ्रेमची काच चादर. भिंतीला रंग चादर, दिवाळीत गॅलरीच्या कडेने सोडलेली लाइटची माळ दोरा. दोरा आला की परिमिती, चादर आली की क्षेत्रफळ. एका मुलीने विचारलं होतं साडीचा फॉल काय मग? तो फक्त खालच्या काठाला लागतो, चारही बाजूंनी फिरत नाही, म्हणून ती परिमिती पण नाही, नुसती लांबी. असले प्रश्न विचारणारी पोरं मला फार आवडतात.

सूत्रं कधी पाठ करून घ्यायची?

शेवटी. आणि खरं सांगू का, आयताचं सूत्र पाठ करायची वेळच येऊ नये.

घरी कोथिंबीर वडी किंवा नारळाच्या वड्या थापल्या की ते ताट मुलांसमोर ठेवा, चौकोनी ट्रे असेल तर अजून चांगलं. सुरीने उभ्या आडव्या रेघा मारल्यावर विचारा किती वड्या झाल्या. पहिल्यांदा बोटाने एकेक मोजतील, १, २, ३, मध्येच चुकतील, परत पहिल्यापासून. मग कोणीतरी म्हणेल की एका ओळीत ६ आहेत आणि अशा ५ ओळी आहेत, म्हणजे ३०. झालं! लांबी × रुंदी म्हणजे एवढंच, एका ओळीत किती आणि ओळी किती. चौरसात दोन्ही सारखे म्हणून बाजू × बाजू, वेगळं सूत्र मानायची गरजच नाही.

परिमितीचं तसंच. आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात म्हणून एक लांबी आणि एक रुंदी मिळवायची आणि दुप्पट करायची. हे दुप्पट विसरतात, मुलं तर विसरतातच, मीही विसरलेय. नणंदेच्या लग्नात रुखवताच्या टेबलावरच्या कापडाला लेस लावायची होती, कापड दीड मीटर बाय एक मीटर, मी दुकानात उभ्या उभ्या हिशेब केला दीड अधिक एक अडीच, आणि अडीच मीटर लेस घेऊन आले. दोन बाजूंना लागली आणि संपली. पाहिजे होती ५ मीटर. परत गेले तर त्या डिझाइनची लेस संपलेली! अजून घरात कोणी "गणिताच्या मॅडम" म्हणालं की मला ती लेस आठवते.

उत्तराला चौरस सेंटिमीटर का लिहायचं, नुसतं सेंटिमीटर लिहिलं तर काय बिघडतं?

मार्क जातो ते सोडा. दोरा आपण सेंटिमीटरच्या तुकड्यांनी मोजतो म्हणून परिमितीला सेंटिमीटर. चादर मोजायला तुकडे टाकून चालत नाही, त्यांनी जागा भरत नाही, छोट्या चौकोनी फरश्या लागतात, प्रत्येक फरशी १ सेमी बाय १ सेमीची, तिला म्हणायचं १ चौरस सेंटिमीटर. म्हणजे चौरस हा शब्द शोभेला नाहीये, तुम्ही काय मोजलं ते तो सांगतो.

यातच मोठा खड्डा आहे. १ मीटर म्हणजे १०० सेमी, तर १ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेमी? वर्गात हमखास १०० उत्तर येतं. पण एक मीटर बाजूच्या चौरसात एका ओळीत १०० छोट्या फरश्या आणि ओळी पण १००, म्हणजे १०,०००. अंगणात खडूने १ मीटरचा चौरस काढा आणि त्यात १ सेमीचा एकच ठिपक्याएवढा चौरस काढून दाखवा, मग १०० म्हणायची कोणाची हिंमत होत नाही.

अजून एक गंमत. १० चौरस फूट आणि १० फूट चौरस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १० फूट चौरस खोली म्हणजे १० बाय १०, म्हणजे १०० चौरस फूट. १० चौरस फूट म्हणजे जेमतेम एक छोटी बाल्कनी. मोठी माणसंसुद्धा बोलताना हे उलटसुलट करतात.

परिमिती सारखी असेल तर क्षेत्रफळ पण सारखंच येणार ना?

नाही! आणि या एका प्रश्नावर मी अख्खा एक दिवस घालवते, कारण पुढे आठवी-नववीतही हा गैरसमज तसाच राहिलेला मी बघितलाय.

२४ सेमीचा दोरा घ्या, दोन्ही टोकं बांधून टाका (गाठीसाठी जरा जास्त घ्या, नाहीतर २३ चा होतो). आता १ सेमीच्या चौकटी असलेल्या वहीवर चार बोटांनी ताणून आयत करा. ११ बाय १ केला तर आतमध्ये ११ चौकटी. १० बाय २ केला तर २०. ९ बाय ३ ला २७, ८ बाय ४ ला ३२, ७ बाय ५ ला ३५, आणि ६ बाय ६ ला ३६. दोरा तोच, एक सेंटिमीटर कमी नाही की जास्त नाही, आणि आतली जागा ११ पासून ३६ पर्यंत. मुलं अक्षरशः परत परत दोरा मोजून बघतात की मॅडमनी बदलला तर नाही ना.

नीट बघितलं तर अजून एक दिसतं. पहिल्या पायरीला ९ नी वाढलं, मग ७, मग ५, मग ३, मग १. चौरसाच्या जवळ जाल तसा फायदा कमी कमी होत जातो. हे मी सांगत नाही, कोणाला दिसतं का ते बघत बसते. दोन वर्षांत एकदा कोणाला तरी दिसतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे पटकन समजतं, कारण लांबट पट्टीसारखं शेत असलं की कुंपणाला तार जास्त लागते आणि पीक तेवढंच, हे घरी बोलताना ऐकलेलं असतं. ११ बाय १ म्हणजे तेच शेत. आणि दोरा आयत न करता गोल धरला तर सगळ्यात जास्त जागा मावते, २४ सेमीत जवळपास ४६ चौरस सेमी. कसं ते पुढे वर्तुळात येईलच.

उलटंही खरं आहे, क्षेत्रफळ सारखं आणि परिमिती वेगळी. ३६ चौकटींचा आयत ९ बाय ४ केला तर परिमिती २६, १२ बाय ३ केला तर ३०, आणि ३६ बाय १ केला तर ७४.

४ सेमी बाजूच्या चौरसाची परिमिती १६ आणि क्षेत्रफळ पण १६ आलं. म्हणजे दोन्ही एकच झाले?

आकडे सारखे आले, गोष्टी नाही. १६ रुपये आणि १६ किलो सारखे का? एक १६ सेमी दोरा आहे, दुसऱ्या १६ फरश्या आहेत. पूर्ण आकड्यांच्या बाजू असलेल्या आयतांत असं दोनदाच होतं, ४ बाय ४ आणि ६ बाय ३ (तिथे दोन्ही १८). बाकीचे करून बघा, मिळणार नाही. आणि हाच ४ बाय ४ चा चौरस मिलिमीटरमध्ये मोजला तर परिमिती १६० आणि क्षेत्रफळ १६००, मग कुठे गेला सारखेपणा? म्हणून शिकवताना पहिलं उदाहरण ४ बाजूचं कधीच घेऊ नका, मुलांच्या डोक्यात भलतंच बसतं.

बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट होतं का?

चौपट. एक रुमाल घ्या, त्याच्या दुप्पट बाजूचा चौरस करायला तसले चार रुमाल लागतात, दोन नाही. परिमिती मात्र दुप्पटच होते. तिप्पट बाजू केली तर क्षेत्रफळ नऊपट.

याचा उपयोग पिझ्झा मागवताना होतो. १२ इंची एक की ८ इंची दोन? पोरं ओरडतात दोन दोन! पण १२ इंचीचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस इंच, ८ इंचीचं एकाचं ५० च्या आसपास, म्हणजे दोन मिळून १०० च. एकच मोठा जास्त आहे. कडा मात्र दोन छोट्यांना जास्त, ज्याला कडा आवडतात त्याने दोन घ्यावेत.

त्रिकोणात २ ने का भागायचं?

आयताकृती कागद घ्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापा, दोन त्रिकोण मिळतात, एकावर एक ठेवले की तंतोतंत बसतात. म्हणजे प्रत्येक जण आयताच्या निम्मा. म्हणून पाया × उंची आणि मग निम्मं.

पण हा काटकोन त्रिकोण झाला, बाकीच्यांचं काय? कोणीतरी विचारलं पाहिजे, नाही विचारलं तर मी विचारते. मग आयताच्या वरच्या बाजूवर कुठेही एक टिंब काढा, तिथून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रेघा मारा आणि कापा. मधला मोठा त्रिकोण एक, आणि बाजूचे दोन तुकडे. ते दोन तुकडे फिरवून मोठ्यावर ठेवले की तो बरोब्बर झाकला जातो. टिंब कुठेही घ्या, होतंच.

इथली नेहमीची चूक म्हणजे उंचीच्या जागी तिरकी बाजू धरणं. उंची म्हणजे पायापासून सरळ वर, ओळंबा सोडल्यासारखी. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लटकवतो ना, तो ओळंबा. डोंगराची उंची आपण चढणीच्या वाटेने मोजत नाही, तसंच. परिमिती काढताना मात्र तिरकी बाजूच लागते. एकाच त्रिकोणात एका प्रश्नाला तिरकी बाजू आणि दुसऱ्याला उंची, पेपर काढणारे मुद्दाम दोन्ही आकडे देतात.

समांतरभुज चौकोन आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन?

आठ-दहा वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवा, समोरून आयत दिसतो. आता हाताने हळूच एका बाजूला ढकला, तिरका झाला, हा समांतरभुज चौकोन. वह्या तेवढ्याच, म्हणून क्षेत्रफळ तेवढंच, गठ्ठ्याची उंचीही तीच. म्हणून पाया × उंची. तिरक्या कडा मात्र लांबल्या, म्हणजे परिमिती वाढली.

शंकरपाळ्याचे चार कोपरे टेकतील असा बाहेरून आयत काढला की शंकरपाळं त्याच्या निम्मं भरतं. म्हणून दोन कर्णांचा गुणाकार भागिले २.

वर्तुळात ते पाय (π) कुठून येतं?

बांगडीतून आणू. आईची एक बांगडी घ्या. बांगडीवाला विचारतो ना, दोन सहा देऊ की दोन आठ, तो आतला व्यास असतो. दोन आठ म्हणजे २ इंच आणि वर ८ सोळांश इंच, म्हणजे अडीच इंच, म्हणजे ६.३५ सेमी. आता कागदाची बारीक पट्टी बांगडीच्या आतून गोल लावा, जिथे टोक जुळतं तिथे खूण करा, सरळ करून पट्टीने मोजा. २० सेमीच्या आसपास येतं. २० ला ६.३५ ने भागा, तीन आणि थोडं. मग डब्याचं झाकण, ताट, सायकलचं चाक, जे गोल दिसेल ते मोजा, दरवेळी तीन आणि थोडं. हे जे "तीन आणि थोडं" आहे तेच पाय. (जाता जाता, दोन सहा आणि दोन आठ यात व्यासाचा फरक जेमतेम ३ मिलिमीटर, पण घेरात १ सेमीचा फरक पडतो, म्हणून तर एक नंबर लहान घेतली की साबण लावूनही चढत नाही.)

शाळेत २२/७ किंवा ३.१४ घेतात, दोन्ही जवळपासच्या किमती आहेत, नेमकी यातली एकही नाही. कुठली घ्यायची? त्रिज्या किंवा व्यास ७ च्या पाढ्यात असेल तर २२/७, नाहीतर ३.१४, आणि प्रश्नातच दिली असेल तर दिलेलीच. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, भागून बघा, ३.१४१६ येतं, आणि त्यांनी स्वतःच त्याला "आसन्न" म्हणजे जवळपासचं म्हटलंय.

क्षेत्रफळासाठी भाकरी आठवा. कागदाची भाकरी कापा, १६ पाकळ्या करा, आणि एक टोक वर एक टोक खाली अशा शेजारी शेजारी चिकटवा. जवळजवळ आयत तयार होतो, खालीवर जरा लाटा लाटा दिसतात एवढंच. त्याची लांबी म्हणजे अर्धा परीघ आणि रुंदी म्हणजे त्रिज्या. अर्धा परीघ × त्रिज्या, म्हणजेच पाय × त्रिज्या × त्रिज्या. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या लीलावतीत हेच वेगळ्या शब्दांत दिलंय, परीघाला व्यासाने गुणा आणि चौथाई घ्या. त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, सहल नेण्यासारखी जागा आहे.

आता तो मघाचा दोरा. परीघ २४, म्हणजे त्रिज्या ३.८२ च्या आसपास. अर्धा परीघ १२ × ३.८२ म्हणजे साधारण ४६.

कोपरा कापलेला आकार आला की आमचा मुलगा पेन खाली ठेवतो.

क्षेत्रफळासाठी दोन रस्ते आहेत. एकतर रेघ मारून दोन आयत करा आणि बेरीज करा, नाहीतर पूर्ण आयत धरा आणि नसलेला कोपरा वजा करा. १० बाय ८ च्या खोलीत कोपऱ्यात ४ बाय ३ ची मोरी काढलीय, तर ८० वजा १२, उरली ६८ चौरस फूट.

परिमिती मात्र बघण्यासारखी आहे. मोरीशिवाय खोलीची परिमिती ३६ होती, मोरी काढल्यावर किती? सगळे म्हणतात कमी होणार. होत नाही, ३६ च राहते! भिंती फक्त आत सरकल्या, लांबी तेवढीच. बोट फिरवून बघा. दोन आयत करून क्षेत्रफळ काढणारी मुलं परिमितीलाही दोन आयतांच्या परिमितीची बेरीज करतात, मग मध्ये मारलेली रेघ दोनदा धरली जाते. ती रेघ आपण पेन्सिलने मारलीय, खोलीत तिथे भिंत नाहीये!

पानासारख्या वेड्यावाकड्या आकाराचं काय? आणि ठिपक्यांच्या कागदावर मुलगी नेहमी चुकते.

पिंपळाचं पान चौकटीच्या वहीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट एक धरा, बरोबर अर्धी असेल तर अर्धा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्या. उत्तर अंदाजे येतं आणि अंदाजेच असायला पाहिजे. परिमितीसाठी ओला दोरा कडेने लावा, ओला केला की घसरत नाही.

ठिपक्यांचं म्हणाल तर ती बहुतेक ठिपके मोजत असणार. ७ ते ७ ठिपक्यांची रांगोळी काढली तर एका ओळीत ठिपके ७ पण घरं ६, म्हणून चौकटी ३६, ४९ नाही. बाजूची लांबी मोजताना ठिपके नाही, मधली अंतरं मोजायची.

घरात फरशी बसवायची आहे, मुलांना हिशेब करायला दिला तर चालेल?

द्याच. आमच्याकडे बेडरूम ११ बाय ९ फूट, टाइल २ बाय २. खोली ९९ चौरस फूट, एक टाइल ४ चौरस फूट, भागाकार २४.७५, म्हणजे २५ टाइल. पण मिस्त्री २५ वर थांबत नाही, कापताना फुटतात, कडेचे तुकडे वाया जातात, म्हणून साधारण १० टक्के जास्त आणायला सांगतो. मुलांना इथे पहिल्यांदा कळतं की पुस्तकातलं उत्तर आणि दुकानातलं उत्तर वेगळं असू शकतं.

मग तो विचारतो स्कर्टिंग किती रनिंग फूट? भिंतीच्या पायथ्याशी लागते ती पट्टी. रनिंग फूट म्हटलं की दोरा! परिमिती ४०, त्यातून ३ फुटांचं दार वजा, ३७ रनिंग फूट. मजुरी तो ब्रासवर सांगेल, फरशी, प्लास्टर, रंगाच्या कामात १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळूचा ब्रास वेगळा बरं का, तो १०० घनफूट, चादर नाही, ढीग.

आजोबा गुंठ्यात बोलतात, सातबाऱ्यावर हेक्टर आर, मुलगा विचारतो हे सगळं एकच का?

सगळी क्षेत्रफळाचीच मापं. १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठे म्हणजे १ एकर, ४३,५६० चौरस फूट. हेक्टर आणि आर हे मीटरवाले, १० मीटर बाय १० मीटर म्हणजे १ आर, १०० मीटर बाय १०० मीटर म्हणजे १ हेक्टर, म्हणून १०० आर म्हणजे १ हेक्टर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, गुंठा एक टक्का मोठा, म्हणून सातबाऱ्यावर ४० आर दिसलं की आजोबा एक एकर म्हणतात, थोडं कमी असतं पण ओट्यावर बसून बोलायला चालतं. खरेदीखताला चालत नाही.

आणि हो, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ चौरसच असला पाहिजे असं नाही. १२१ बाय ९ चा लांबलचक पट्टाही १०८९ चौरस फूटच, गुंठाच. कुंपण मात्र १३२ फुटांच्या जागी २६० फूट. दोऱ्याचा खेळ इथेही आलाच.

परीक्षेत मार्क कुठे जातात?

एक बाजू मीटरमध्ये आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते ते न बघता गुणतात. व्यास दिलेला असतो आणि त्रिज्या म्हणून वापरतात. एकक लिहीत नाहीत. तारेचे "३ पदरी" कुंपण असेल तर परिमिती ३ ने गुणायची राहते. शिष्यवृत्तीच्या तयारीत हे चारच प्रकार घोटून घेतले तरी खूप झालं.

सोडवायला थोडी गणितं द्या ना.

घ्या. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर असतं, बाहेरची पट्टी मारायला किती मीटर चुना ओढावा लागेल आणि आत किती चौरस मीटर जागा? दुसरं, आयताची परिमिती ३० सेमी, लांबी ९ सेमी, क्षेत्रफळ सांगा. तिसरं, ५ मीटर लांब ८० सेमी रुंद बस्करपट्टी, किती चौरस मीटर? चौथं, घड्याळाचा मिनिटकाटा ७ सेमीचा आहे, तासाभरात त्याचं टोक किती सेमी फिरतं आणि काटा किती जागा पुसून जातो? पाचवं जरा डोकं खाणारं, २० सेमी बाजूच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातून ५ सेमीचा चौरस कापला तर परिमिती किती, आणि तोच चौरस कोपऱ्याऐवजी कडेच्या मधोमध कापला तर किती?

उत्तरं: ४६ मीटर आणि १३० चौरस मीटर. ५४ चौरस सेमी. ४ चौरस मीटर. ४४ सेमी आणि १५४ चौरस सेमी. पाचव्याचं कोपऱ्यातून ८० सेमी आणि मधोमध ९० सेमी, आणि पटत नसेल तर खरंच पुठ्ठा कापा, दोरा लावा.